उजवी नळी

९ जानेवारी

धाकट्या,

फोन करत नाही, कारण फोनवर तू विषय बदलतोस. कागदावर ते जमत नाही, म्हणून हे पत्र.

शस्त्र परवाना कचेरीची नोटीस आली आहे. बाबांच्या मागे त्यांची आठ बोरची बंदूक माझ्या नावावर झाली, नोटीस तिच्याबद्दल आहे. या मापाची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून बंदूक निकामी समजून तिच्या दोन्ही नळ्यांना आरपार भोकं पाडायची आणि शोभेची वस्तू म्हणून मला परत करायची, असं म्हणताहेत. तसं नको असेल तर तीस एप्रिलच्या आत तपासनिसांसमोर ती चालवून दाखवायची.

मी कचेरीत जाऊन जुनी फाईल मागितली. कारकुनाने नाइलाजाने दिली. ज्या नेमबाजी क्लबसाठी बाबांनी ही बंदूक घडवली होती, त्या क्लबच्या इंजिनियरचा बेचाळीस वर्षांपूर्वीचा शेरा आत आहे: "चाचणीत उजवी नळी फुगली. लोखंड कच्चे. कारागिराने खुलासा दिलेला नाही. बंदुका बनवण्याचा परवाना रद्द करावा." एवढ्या चार ओळींवर ज्यांना गावभर लोक नळीमास्तर म्हणायचे, ते बाबा पुढची चोवीस वर्षं कात्र्यांना धार लावत आणि स्टोव्ह दुरुस्त करत बसले.

नळी मी कापू देणार नाही. बंदूक दुरुस्त करणार, काडतुसं मिळवणार आणि त्यांच्या नाकासमोर बार काढणार. वय एकोणसत्तर आहे, हे मला माहीत आहे. ते लिहून कळवण्याची तसदी घेऊ नकोस.

ताई

१७ जानेवारी

ताई,

तसदी घेतो. तुझं वय एकोणसत्तर आहे.

हे बघ, मी छत्तीस वर्षं सिमेंटच्या भट्टीवर काढली. बारा वेळा सुरक्षा पदक घेतलं, आणि निवृत्त झाल्यावरही नव्या पोरांना सुरक्षेचे धडे द्यायला कारखाना मलाच बोलावतो. त्या अधिकाराने सांगतो: जुनी नळी, नवखी माणसं आणि हट्ट या तीन गोष्टी एका जागी आल्या की अपघात ठरलेला. भोक पाडून घे. भिंतीवर टांगली तर छान दिसेल.

बाबांनी स्वतः कधी तक्रार केली नाही. ज्यांचं दुखणं होतं ते गप्प बसले, मग आपण का उकरून काढायचं? तुझी भावजय म्हणते, थोडे दिवस इकडे ये, हवापालट होईल. मलाही तसंच वाटतं.

तुझा धाकटा

६ फेब्रुवारी

धाकट्या,

हवापालट कशाला, घरात जवसाच्या तेलाचा वास इतका भरला आहे की वेगळ्याच मुलखात राहिल्यासारखं वाटतं.

पेटी उघडली. तेलात भिजवलेल्या कापडाची सात वेढणं होती. बाबांनी ती किती जपून ठेवली होती, हे तुला दिसायला हवं होतं. दस्त्याला हाताच्या पकडीजवळ चीर गेली आहे. ती सरस भरून, सुतळीने आवळून आठ दिवस ठेवली. डाव्या घोड्याची स्प्रिंग तुटली होती. नवी बनवायला गेले तर पहिल्या दोन तडकल्या. तिसऱ्या वेळी बाबा करायचे तसं केलं: पोलाद तापवून तेलात विझवलं आणि मग वितळलेल्या शिशात धरून मऊ केलं. ती टिकली. पाण्याच्या मीटरच्या कारखान्यात एकतीस वर्षं पितळ कातलं, पण हात बाबांकडूनच आलेत, हे परवा कळलं.

तू ही बंदूक बघून किती वर्षं झाली? सात किलोची आहे. नळीच्या तोंडात माझा अंगठा जातो आणि वर जागा उरते. बोरचा आकडा जितका लहान तितकी नळी रुंद; बारा बोरची बंदूक हिच्याशेजारी ठेवली तर खेळणं वाटेल. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून ठोकून जोडलेली ही नळी. गंज काढला तेव्हा खालून ती लाटालाटांची नक्षी वर आली. मी खुर्चीत बसून बघत राहिले. थोडी रडलेसुद्धा, लपवत कशाला.

काडतुसांसाठी शहरातली तिन्ही दुकानं पालथी घातली. पहिल्याने बारा बोर पुढे केली. दुसरा म्हणाला, "आजी, आठ बोर म्हणजे कुठलं, तोफेचं का?" तिसऱ्याने हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. त्याला म्हटलं, हसून झालं असेल तर दोन पेट्या बारीक छर्रे बांधा.

आता खरी गोष्ट. उजव्या नळीच्या फुगवट्यावर मी बोट फिरवलं. तोंडापासून वीतभर आत तो सगळीकडून सारखा आहे, हातात बांगडी घातल्यासारखा गोल. लोखंड कच्चं असतं तर जोडावर एका बाजूने फाटलं असतं. असं गोल कडं उठतं ते नळीत काहीतरी अडकलेलं असताना बार निघाला तरच. आणि जोड एकही उघडलेला नाही. इतका दाब पडूनही नळीने कुणाला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. ही नळी कच्ची नव्हती रे. ती चांगली होती म्हणून त्या दिवशी बाबांचा हात वाचला.

मी तेव्हा कामावर होते. तू चाचणीला हजर होतास. नीट आठवून सांग: त्या सकाळी बंदूक कोणाकोणाच्या हातात गेली?

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. बेचाळीस वर्षांपूर्वीची सकाळ कोणाला आठवणार? गर्दी होती. क्लबची माणसं होती, अध्यक्ष होते. सगळेच पेटीत डोकावत होते.

पण तू हट्टालाच पेटली आहेस तर मी हातावर हात ठेवून बसलो नाही. तुझा काडतुसांचा प्रश्न सोडवला आहे. आमच्या भट्टीत, म्हणजे त्या लांबलचक फिरत्या नळकांड्यात, आतून सिमेंटचा खडा चिकटून कडं धरतं. भट्टी बंद न करता ते फोडायला कारखान्यात एक बंदूक असते. तिचा बोर कोणता असेल? आठ. मी कडी फोडण्यात हयात घालवली आणि मला आधी सुचलं नाही.

भांडारपालाकडून सहा काडतुसं मिळवली. मालाच्या ट्रकचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्याबरोबर पाठवतो आहे. आठ बोर म्हणजे आठ बोर. ही घाल, बार काढ, कचेरीचं तोंड बंद कर आणि जुनं उकरणं सोडून दे.

तुझा धाकटा

१ मार्च

सुरक्षा पदकवाले,

काडतुसं ट्रकमधून, तुझ्या पँटच्या जुन्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. तुझं पुढचं व्याख्यान याच विषयावर असू दे.

मी ती घातली नाहीत. आधी वजन केलं, मग आतलं काडतुसांचं पुठ्ठ्याचं खोकं वाचलं. तू वाचलं होतंस का? लाल अक्षरात आहे: फक्त भट्टीच्या बंदुकीसाठी. तुझी ती बंदूक जाड पोलादाची, तिपाईवर रोवलेली असते. आत नवी, तिखट दारू आणि वर शिशाची अख्खी गोळी. बाबांची नळी जुन्या काळ्या दारूच्या सावकाश ढकलणीसाठी बनलेली आहे. हे काडतूस तिच्यात बरोबर बसतं, तीच तर भीती. बोर म्हणजे नुसती रुंदी. आत किती जोर भरला आहे ते त्यात कुठे येतं? मी चाप ओढला असता तर माझं डोकं भिंतीला लागलं असतं, आणि फाईलमध्ये पाचवी ओळ आली असती: "डावी नळीही कच्ची."

सहाही काडतुसं पोलीस ठाण्यात पावती घेऊन जमा केली. "कुठून आली?" म्हणाले. म्हटलं, भावाचं प्रेम.

काडतुसं मी स्वतः करणार. पितळेच्या गजातून लेथवर पुंगळ्या कातते आहे. चार झाल्या, दोन बिघडल्या. काळी दारू आणि तिला ठिणगी देणाऱ्या टोप्या परवान्यावर मिळाल्या. दारू किती भरायची ते बाबांच्या वहीत त्यांच्या हातचं आहे. ते तुला कळवत नाही. तुझा भरवसा नाही.

आता त्या सकाळचं. तुला आठवत नाही म्हणालास, मला शोध लागला. क्लबचा शिपाई आठवतो का, पेटीतून बंदूक काढून बाबांच्या हातात देणारा? तो हयात आहे. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असतो. चाचणीनंतर महिन्याभरात क्लबने पुढच्या चार बंदुकांचं काम अध्यक्षांच्या मेहुण्याला दिलं, हेही मला कळलं. म्हणजे अध्यक्षांना बाबांना बाजूला करायचं होतं आणि त्यांनी नळीत काहीतरी कोंबायचं काम शिपायाकडून करवून घेतलं. मी आश्रमात जाऊन त्याला चार माणसांत विचारलं. शब्द जरा जास्तच गेले माझे. तो काही बोलला नाही, नुसता मान हलवत राहिला. खोटं असतं तर भांडला असता.

मी कचेरीला अर्ज लिहिते आहे, शिपायाचं नाव घालून.

ताई

२२ मार्च

धाकट्या,

तीन आठवडे झाले, तुझा कागद नाही. भावजयीला फोन केला तर म्हणाली, जेवत नाहीत आणि अंगणात फेऱ्या मारतात. तब्येत दाखवून घे.

अर्ज टाईप करून तयार आहे. एक तारखेला देणार. आश्रमातल्या बाईंचा निरोप आला की मी जाऊन आल्यापासून शिपाई खोलीबाहेर पडत नाही. मला वाईट वाटलं. पण बाबा चोवीस वर्षं खोलीबाहेर पडले नाहीत, त्याचं वाईट कोणाला वाटलं?

ताई

२७ मार्च

ताई,

अर्ज देऊ नकोस. शिपायाने काही केलेलं नाही. मी केलं.

हे वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले, तेव्हा पुढचं एका दमात लिहितो.

त्या सकाळी नळ्या पुसायचं काम माझ्याकडे होतं. वीस वर्षांचा होतो, पोरसवदा म्हणून सुटावं असं वय नव्हतं. आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं, निळ्या काठाचं, दोरीला बांधून ओढायचं. डावी नळी पुसून झाली. उजवीत फडकं तोंडापासून वीतभर आत असताना गाठ सुटली आणि दोरी तेवढी हातात आली. गजाने फडकं ढकलायला हवं होतं. तेवढ्यात पोस्टमन माझ्या नोकरीचं पत्र घेऊन आला. सिमेंटच्या कारखान्यातलं, क्लबच्या अध्यक्षांच्या शिफारशीने मिळालेलं. मी आईला दाखवायला धावलो. परत आलो तो हवेतच होतो. नळ्यांना बाहेरून तेल लावलं आणि बंदूक पेटीत घातली.

मैदानावर अध्यक्ष घाई करत होते. बाबांनी मला विचारलं, "आरपार बघितलंस?" मी हो म्हटलं. ताई, मी हो म्हटलं.

बार झाला तेव्हा फडक्याचा जळका तुकडा माझ्यापुढे गवतात पडला. निळा काठ दिसत होता. मी त्याच्यावर पाय ठेवला. सगळे नळीकडे बघत होते. सगळे जाईपर्यंत मी तिथून हललो नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पण ते अध्यक्षांचं ऐकत असावेत. पुढच्या सोमवारी मी कामावर हजर झालो.

बाबांना मी कधीच सांगितलं नाही. ते गेले त्या दिवशीही नाही. माझ्या घरात बारा पदकं भिंतीवर लावलेली आहेत, आणि प्रत्येक व्याख्यानात मी म्हणतो, आधी स्वतः बघा, मग हो म्हणा. लोक लिहून घेतात.

शिपायाला तरी माझ्यापायी आणखी भोगायला लावू नकोस. एका माणसाने भोगलं, तेवढं पुरे.

धाकटा

२ एप्रिल

धाकट्या,

मला तुझा राग आला आहे. तो लवकर जाणार नाही, त्याची वाट बघू नकोस.

अर्ज फाडला. काल आश्रमात गेले, आणि ज्या चार माणसांत शिपायाला बोलले होते त्याच चौघांना बोलावून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मी तेव्हाच बोललो असतो, पण नळीमास्तरांनी हात जोडले होते." मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, गवतातलं त्यालाही दिसलं होतं, आणि बाबांनी त्याला क्लबच्या फाटकाबाहेर गाठून गप्प राहायला सांगितलं होतं.

कळलं ना? "अध्यक्षांचं ऐकत असावेत" म्हणे. अरे, जो माणूस बोट फिरवून नळीची जाडी सांगायचा, त्याला ते गोल कडं कशाचं ते कळलं नसेल? चाचणीआधी बाबा तुला दिवसातून दहादा विचारायचे, आरपार बघितलंस का. स्टोव्हची पिन असो की पाण्याचा पाईप. त्या दिवसानंतर त्यांनी हा प्रश्न तुला एकदा तरी विचारला? मला आठवत नाही. तुला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून त्यांनी विचारणंच सोडलं. खुलासा दिला असता तर तुझी नोकरी गेली असती, म्हणून परवाना जाऊ दिला. तो फुगवटा त्यांना अर्ध्या तासात ठोकून बसवता आला असता. तोही तसाच ठेवला.

मी बाबांवरही चिडले आहे. बापलेकांनी दोन बाजूंनी गप्प बसून आपापलं ठरवून टाकलं, आणि नळीमास्तरची मुलगी म्हणून कारखान्यात टोमणे खाल्ले ते मी. "हिचं पितळ तरी पक्कं आहे ना, की बापासारखं?" ते नाव माझंही होतं. ते सोडून द्यायचं की नाही, हे मला कोणी विचारलं नाही.

तर मी सोडत नाही. बेचाळीस वर्षं तू तो पाय उचलला नाहीस, आता उचल. एक, मला पत्रात लिहिलंस ते सगळं कचेरीच्या नावाने लिहून, सही करून पाठव. दुसरं, वीस एप्रिलला सकाळी दहाला पोलिसांच्या मैदानावर चाचणी आहे, तिथे येऊन उभा राहा.

बंदूक तयार आहे. फुगवटा मीही ठोकला नाही, एका मिस्त्रीने फुकट बसवून देतो म्हटलं त्याला हाकलला. तो फुगवटाच आपला साक्षीदार आहे. डाव्या नळीने बार काढणार. एकच अडचण उरली आहे. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये फेल्टची जाड चकती लागते, आणि दुकानातलं फेल्ट गोंदाने चिकटवलेलं आहे. कापलं की पापुद्रे सुटतात. बघते काहीतरी.

ताई

११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून भिंतीवरची पदकं उतरवली. बाबांना माहीत होतं, हे कळल्यावर त्यांच्याखाली बसून जेवणं जमेना.

कचेरीसाठी लिहिलेलं सोबत आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, त्यातली एक तुझ्या भावजयीची. तिने वाचलं, सही केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

वीस तारखेला मी येऊ शकत नाही, आणि कारण ऐकून तू भडकशील. त्या दिवशी कारखान्याचा सुरक्षा दिन आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. खरं सांगतो, आधी मला हे पळायला बरं निमित्त वाटलं होतं. आता मी मुद्दाम जाणार आहे. मैदानावर तिघेजण ऐकतील, इथे सहाशे ऐकतील. क्लबच्या त्या अध्यक्षांचा मुलगा आता इथे डायरेक्टर आहे, तो पहिल्या रांगेत असेल. गप्प बसायला सांगितलं तरी मी खाली बसणार नाही.

पार्सल उघडताना घाबरू नकोस, काडतुसं नाहीत. माझ्या भट्टीवरच्या बुटांचे आतले तळवे आहेत. दाबून बनवलेलं शुद्ध लोकरीचं फेल्ट, बोटभर जाड, गोंद अजिबात नाही. ते घालून मी छत्तीस वर्षं धगीवर उभा राहिलो. बघ, चकत्या निघाल्या तर. धुतले आहेत.

धाकटा

२० एप्रिल

ताई,

तुझा बार झाला की नाही ते मला अजून कळलेलं नाही. माझा झाला.

हॉल भरला होता. ठरलेलं भाषण खिशात होतं, ते काढलंच नाही. म्हटलं, आज मी तुम्हाला माझा स्वतःचा अपघात सांगतो. गाठ सुटण्यापासून पाय ठेवण्यापर्यंत सगळं सांगितलं. मग म्हटलं, ज्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं ते माझे वडील होते, आणि त्यांची नळी कच्ची नव्हती. मधे एकाने येऊन माईक घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. भट्टीवरच्या माणसाला माईक लागत नाही, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

शेवटी बारा पदकं टेबलावर ठेवली. टाळ्या पडल्या नाहीत. डायरेक्टर उठून गेला. पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत, हे नक्की. खाली उतरलो तर भट्टीवरचा जुना फिटर, ज्याने माझ्या हाताखाली वीस वर्षं काढली, जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमच्या भाषणात झोप लागली नाही."

बाबांना सांगायला हवं होतं. ते राहिलंच. तुझं काय झालं ते लगेच कळव.

धाकटा

२० एप्रिल

धाकट्या,

झाला.

सगळं सांगते. तपासनीस जाड चष्म्याचे, तिशीतले, सभ्य. त्यांनी आधी तुझं पत्र वाचलं, मग उजव्या नळीवर स्वतः बोट फिरवलं, आणि पुन्हा पत्र वाचलं. शिपायाला मी आश्रमाच्या गाडीतून चाकाच्या खुर्चीसकट आणलं होतं. त्याने सांगितलं, "ती पेटी मी उचलली होती आणि तो तुकडा मी बघितला होता." तेही लिहून घेतलं. क्लबच्या इंजिनियरच्या शेऱ्याखाली आता दीड पान मजकूर आहे.

पहिले दोन बार बंदूक जुन्या टायरला बांधून लांबून दोरीने काढले, तसा नियमच आहे. नळी मोजली, केसाचाही फरक नाही. तपासनीस म्हणाले, "एवढं पुरे आहे, खांद्यावर घ्यायची गरज नाही." मी म्हटलं, तुमच्या कागदाला गरज नसेल. बाबांनी खांद्यावर घेतली होती, तेव्हा तिसरा मी खांद्यावर घेणार. ते म्हणाले, "आजी, धक्का बसेल." मी म्हटलं, बेचाळीस वर्षं बसतोच आहे.

भरण्याआधी मी डावी नळी उजेडाकडे धरून आरपार बघितली. मग उजवीही. कोणाला विचारलं नाही.

धाकट्या, काय आवाज होता. पांढऱ्या धुरात मैदानच दिसेनासं झालं. मी दोन पावलं मागे गेले, पण उभी राहिले. खांद्याला हिरवंनिळं झालं आहे, ते मी शेजारणींना दाखवत फिरते. शिपायाला कमी ऐकू येतं, तरी तो म्हणाला, "आज ऐकू आलं."

नळ्यांना भोकं पाडायची नाहीत, असा लेखी निर्णय तिथल्या तिथे मिळाला. उजवीने बार काढायचा नाही, एवढी अट आहे. ती मला मान्य आहे. मग त्यांनी नवा कागद काढला. त्यात "कारागीर" असा रकाना होता आणि जुन्या कागदावर तिथे रेघ मारलेली होती. मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी उभं राहून वाचलं.

माझा राग अजून आहे. येशील तेव्हा तुला सुनावणारच आहे, तयारीने ये. पण ये. दस्त्याला तेलाचे आणखी चार हात द्यायचे आहेत आणि माझा उजवा हात वर जात नाही.

धूर निवळल्यावर मी पुढे चालत गेले. तीस पावलांवर गवतात तुझ्या बुटाची चकती पडली होती. कडेने जळलेली, अजून गरम. मी तिच्यावर पाय ठेवला नाही. उचलली, आणि या पाकिटात घातली आहे.

ताई